हाक मारल्याशिवाय

भुश्याचं पोतं मी खिडकीतून उलटं केलं आणि मग विचारलं, "खाली कोणी आहे का?"

"होतो," खालून आवाज आला.

माळ्याच्या खिडकीतून मी डोकावले. आजोबांच्या काळी उबेसाठी छतात भरलेला लाकडाचा भुसा एका उंच तरुणाच्या केसांवर, खांद्यांवर, पापण्यांवरसुद्धा बसला होता. त्याच्या हातात माझ्या होडीचा दोर होता.

"ही सुटून आमच्या काठाला लागली, माझ्या होडीला बांधून आणली. मी तळ्यापलीकडे राहतो... तार्मो."

"मी सायमी. माफ करा हं, तुम्हाला लागलं का?"

"डोक्यावर भुसा ओतलास, आता 'तुम्ही' कशाला?"

तो हसला. पण मला हसायला वेळ नव्हता. छतात नवं उबदार अस्तर भरणारी गाडी उद्या सकाळी येणार होती. तोवर माळा रिकामा झाला नाही, तर ती आल्या पावली परत जाणार आणि पुन्हा थेट वसंतात उगवणार. मी भावाला शब्द दिला होता, हिवाळ्याआधी घर उबदार झालं नाही तर विकायला सही करीन. बाबांचं हे घर मला विकायचं नव्हतं. मुळीच नाही!

"ताल्को घाल की," तार्मो म्हणाला. "गावाला हाक मार, सगळे मिळून काम उरकायला धावतील. पातेलंभर सूप केलंस की झालं."

"मला कुणाचे उपकार नकोत."

"बरं." तो चक्क ओंडक्यावर बसला आणि थर्मासमधून कॉफी ओतू लागला.

"बसलास काय?"

"बघतोय. हाक मारल्याशिवाय दुसऱ्याच्या कामाला हात लावू नये, हे तुला माहीत नाही?"

"मग बघत बस!"

मी हट्टालाच पेटले. पत्र्यावर पावसाची टपटप चालली होती. भुसा गेला, मोडक्या खुर्च्या गेल्या, बाबांच्या तुटक्या स्की गेल्या. शेवटी उरली ओतीव लोखंडाची शेगडी. ढकलली, ओढली, शिव्या घातल्या... बया जागची हलेना. उजेड कमी होत चालला होता.

मी खिडकीशी आले. तो अजून तिथंच होता. कॉफी केव्हाच संपली असणार.

"तार्मो... जरा वर येतोस?"

तो उठलासुद्धा.

"अडला हरी..." मी पुटपुटले.

"हे बघ, गाढव आलंच!" शिडीवरून आवाज आला.

होडीच्याच दोराने आम्ही शेगडी खाली सोडू लागलो. त्याचा श्वास माझ्या कानाशी होता.

"मी सांगेन तेव्हाच सोड," तो म्हणाला.

"नाही सोडलं तर?"

"तर दोघं मिळून खाली जाऊ. मला चालेल."

माझे कान तापले, पण दोर मी घट्ट धरला होता. शेगडी गवतावर टेकली. मग त्याने माझ्या केसांतला भुश्याचा एक कण अलगद काढला... आणि फेकायचं विसरून तसाच चिमटीत धरून उभा राहिला.

सूप टिनच्या डब्यातलं निघालं, वाटाण्याचं. त्याने दोनदा मागून घेतलं.

"उद्या घर उबदार होईल," तो कोट घालत म्हणाला. "मग तुला कुणाची गरज नाही."

"नाहीच!" सवयीने तोंडातून निघून गेलं.

त्याने मान हलवली आणि तळ्याकडे चालू लागला. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा माणूस हाक मारल्याशिवाय यायचा नाही. कधीच नाही!

मी धडाधडा शिडी चढले, रिकाम्या माळ्यावरून धावत खिडकी गाठली.

"तार्मोऽऽ!"

वल्ही थांबली. "काय उचलायचंय?"

"काही नाही! नुसता ये..."

"कधी?"

"उद्या! परवा! बर्फ वितळेपर्यंत रोज!"

"आणि वितळल्यावर?"

"तेव्हा पुन्हा हाक मारीन!"

पण उद्याची वाट बघायची त्याची तयारी नव्हती. होडी माझ्या काठाकडे वळली होती.