अडीच घरांची उडी

अंबडच्या कारखान्यात तेहेतीस वर्षं मी तयार मालाची तपासणी केली. मापात नसेल ते बाद, हा माझा खाक्या. म्हणून इंदिरानगरच्या बागेत रोज सकाळी माझ्यासमोर बुद्धिबळाला बसणारे सावळीरामआबा मला ‘इन्स्पेक्टर’ म्हणत. आबा मूळचे घोटीचे, भातशेतीवाले. आता मुलाकडे राहायला आलेले. सिमेंटच्या टेबलावर रंगवलेला पट, सोंगट्या माझ्या आणि भोवती पाच-सहा बघे.

त्या शनिवारी आबांचा राजा कोपऱ्यात सापडला. दोन चालींत मात होणार, यात शंकाच नव्हती.

“आमच्या गावाकडं राजाला डावात एकदा घोड्याची चाल मिळते,” आबा म्हणाले. “अडीच घरं. घेऊ का?”

हे ते वर्षभर मागत होते आणि मी वर्षभर नाकारत होतो.

“नियमात बसत नाही, आबा.”

“लय कडक माणूस हायेस तू.” ते हसले आणि हसता हसता छातीवर हात दाबून पुढे वाकले.

त्यांना रिक्षात घातलं. अर्धवट राहिलेल्या डावाचा फोटो काढून ठेवायचा आमचा रिवाज होता. तेवढ्या घाईतही मी तो काढला, याची मला आजही लाज वाटते.

सोमवारी दहा वाजता आबांच्या हृदयात स्टेंट घालणार होते. हॉस्पिटलात गर्दी नको, म्हणून त्यांच्या सुनेने, शुभांगीने, मला घरीच थांबायला सांगितलं. पण घरात पाय ठरेना. बागेत आलो आणि फोटो बघून डाव जसाच्या तसा मांडला. चाल आबांची होती. एवढंसं तर मागत होते बिचारे.

समोरचं बाकडं रिकामं होतं. फिरून दमलेले एक गृहस्थ तिथे टेकायला गेले, अर्ध्यावरच थबकले, “सॉरी, सॉरी” म्हणाले आणि पलीकडे जाऊन बसले. मला वाटलं, ते मलाच म्हणाले.

मग बघे जमले. मी एकटा बसलेला, तरी जमले आणि नेहमीसारखी आबांच्या कोपराला जागा सोडून उभे राहिले. डिसेंबरचं ऊन अंगावर होतं, पण टेबलाखाली माझे गुडघे गार पडले होते.

दहा पस्तीसला फोन वाजला.

“काका,” शुभांगी रडत होती, “ठोके थांबलेत म्हणे. छाती दाबतायत त्यांची.”

दोन्ही हातांनी फोन कानाशी धरून मी रिकाम्या बाकड्याकडे बघितलं.

“घ्या, आबा,” मी म्हणालो. “घ्या उडी.”

सिमेंटवर टक्क आवाज झाला.

राजा कोपऱ्यात नव्हता. अडीच घरांवर उभा होता.

बघ्यांतलं कोणीतरी पुटपुटलं, “सुटला.”

तेवढ्यात शुभांगी ओरडली, “आले! काका, ठोके आले!”

मी भर बागेत ढसाढसा रडलो. राजा कोणी हलवला, हे मी कोणालाही विचारलं नाही. जन्मभर तपासण्या केल्या, ही एक चाल न तपासता पास केली. वर जिलबी आणून बघ्यांना वाटली.

महिन्याभराने आबा मफलर गुंडाळून बागेत आले. चेहरा तजेलदार, आवाज पहिल्यासारखा. कधी नव्हे ते मी त्यांना मिठी मारली. छातीवरचा धोंडा उतरला होता.

“तुमची उडी मान्य केली बरं का,” मी म्हणालो.

“ठाऊक हाय. तू दिलीस म्हणून तर उठता आलं.”

“कुठून?”

“तिकडून. झाडाखाली डावच डाव मांडलेत आन् बघ्यांची ही गर्दी! बसायला जागा मिळत नाय. मला मिळाली व्हती, चांगली सावलीतली.”

त्यांनी प्रेमाने माझा हात हातात घेतला.

“तुझ्यासाठी रुमाल टाकून आलोय. नाव बी सांगितलंय तुझं. पण लय दिवस रिकामी नाय ठेवणार म्हणाले.”