लाल दोरीचं दुसरं टोक

चुलीजवळ सरक, सांगते. फक्त खुंटीवरच्या त्या दोरीला हात लावू नकोस.

त्या दिवशी मी पोरीच्या बाळंतपणाला निघाले होते. वरच्या गावाहून निरोप आला, निसोचं बाळ आडवं आलंय. आमच्या बार्तांगच्या खोऱ्यात सुईण मी एकटीच, आणि निसो माझी एकुलती एक. तीन दिवस वाऱ्यासकट बर्फ पडून नुकतंच उघडलं होतं. अशा वेळी शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. सोबतीला धाकटा दीर मुबीन आला.

कड्याखालच्या उतारापाशी त्याने काठी खुपसून पाहिली.

"वर कडक, खाली साखरेसारखं भुसभुशीत. वहिनी, हे घसरणार बघ."

"मग ऊन यायच्या आत ओलांडू."

"दादासारखीच हट्टी आहेस!"

"त्याच्याकडूनच शिकले."

मी कमरेला लाल लोकरीची दोरी बांधली. तिचं दुसरं टोक मागे मोकळं सरपटत येतं. माणूस गाडला गेला तरी हलकी दोरी बर्फावर राहते, तिच्या मागाने खणायचं. ही दोरी मी कुर्बानशोसाठी, माझ्या नवऱ्यासाठी वळली होती. चार हिवाळ्यांपूर्वी याच उतारावर तो गेला. दोरीच्या मागाने आम्ही खणलं. कमरेचा वेढा सापडला, गाठ तशीच घट्ट... आत तो नव्हता. उन्हाळ्यात बर्फ वितळला, तेव्हाही नव्हता.

अशा उतारावर एका वेळी एकानेच जायचं असतं. मुबीन आधी गेला आणि पलीकडच्या खडकाआड थांबला. मग मी निघाले. वारा पडला होता. आवाज फक्त माझ्या बुटांचा, करकर, करकर. मध्यावर आले आणि मागे आणखी एक करकर ऐकू आली. मी थांबले की तीही थांबायची. मेंढीच्या कातड्याचा आणि तंबाखूचा वास आला, कुर्बानशोच्या कोटाला यायचा तसा. मग दोरी ताणली गेली. दोन हलके झटके. मला थांबवायचं असलं की तो असेच झटके देऊन शाल ओढायचा.

"वहिनी, गोठलीस की काय? ऊन आलं!"

"सोडत नाहीये रे..."

"कोण?"

मागे वळायचं धाडस झालं नाही. "आपली निसो अडलीय," मी पुटपुटले, "जाऊ दे ना मला..." दोरी सुटेना. मला रडूच फुटलं.

तेवढ्यात आत खोल कुठेतरी धप्प झालं. माझ्या पुढचा सगळा उतार चिरला आणि दरीत गेला. धुरळा बसला तेव्हा माझ्या पायांपासून मुबीनपर्यंत नुसता काळा खडक होता, घसरायला काही उरलंच नव्हतं. दोरी सैल झाली. मी धावत सुटले.

नातू पायाळू जन्मला, पण रडत जन्मला. निसोही वाचली. संध्याकाळी दोरी गुंडाळायला घेतली, तर मागच्या मोकळ्या टोकाला कमरेएवढा वेढा पडला होता. गाठ घट्ट.

ती मी सोडलेली नाही. भीती वाटते, पण त्याहून जास्त बरं वाटतं. बर्फात निघाले की जरा सावकाश चालते, त्याला चढावर दम लागायचा. दोरी दर हिवाळ्याला आखूड कशी होते, असं निसो विचारते. भिजली की लोकर आटते, मी सांगते.

वेढा मात्र आटलेला नाही.