सरावाचा पुतळा

भुताटकीला रात्रच लागते असं कुणी सांगितलं? ही गोष्ट भर दुपारची, लख्ख ट्यूबलाइटच्या उजेडातली आहे. आणि सुरुवात म्हणाल तर एका विसरलेल्या चष्म्याची.

डॉक्टरीण सकाळी घाईघाईत चष्मा घरीच ठेवून इस्पितळात आली होती. दुपारी बाबांना फोन केला तर ते म्हणाले, "डोकं धडाला चिकटलेलं आहे म्हणून बरं, नाहीतर तेही विसरली असतीस." पण चष्मा घेऊन निघाले मात्र लगेच. बायको गेल्यापासून लेकीकडेच राहायचे. तिचं एखादं काम करायला मिळालं की म्हातारा खूश.

डॉक्टरीण तातडीच्या विभागातली. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती किती वेळ दाबत राहायची आणि कधी थांबायचं, हा तिच्या संशोधनाचा विषय. ढिगाने केसेस तपासून तिने वीस मिनिटांची रेघ आखली होती. त्यापलीकडे माणूस हाती लागत नाही, नुसत्या बरगड्या मोडतात. "थांबता येणं हाही उपचारच आहे," हे ती सगळ्यांना ठणकावून सांगायची.

त्या दुपारी शिकाऊ डॉक्टरांना तेच शिकवायला तिने सराव ठेवला होता. सरावाच्या खोलीत रबरी कातडीचा, पुऱ्या माणसाएवढा पुतळा होता. छाती पुरेशी खोल दाबली की आतली स्प्रिंग टक् करायची. काचेमागे टेक्निशियन माईकपाशी बसून पुतळ्याच्या वतीने कण्हायचा. स्वतः नुसतं लोळायचं आणि बाकीच्यांनी भोवती धावायचं, म्हणून सिस्टरने पुतळ्याला नाव दिलं होतं, जावईबापू.

"छातीत दुखतंय हो…" जावईबापू कण्हले आणि ठरल्याप्रमाणे गप्प झाले. डॉक्टरीण आणि सिस्टर आळीपाळीने छाती दाबू लागल्या. टक्. टक्. टक्. शॉक देऊन झाले, इंजेक्शनं झाली. बंद खोलीत रबराचा आणि घामाचा वास कोंडला. घड्याळ रेघेपाशी आलं तशी डॉक्टरिणीने हात उचलले.

"पुरे. गेले जावईबापू. चला, चहा."

तेवढ्यात पुतळ्याच्या तोंडून आवाज आला. खोल, घोगरा.

"थांबू नकोस… पोरी…"

सगळे खो-खो हसले. ती नाही हसली. इस्पितळात तिला पोरी म्हणणारं कुणी नव्हतं. टेक्निशियन फारच शेफारलाय, असं पुटपुटत तिने दिवा घालवला आणि दार ओढून घेतलं.

चहाच्या टेबलाशी जाते तो टेक्निशियन तिथे आधीच बसलेला.

"तुझी नाटकं पुरे झाली हं," ती म्हणाली.

"कसली नाटकं, मॅडम? माझं काम पहिल्या कण्हण्यापुरतं. माईक बंद करून मी केव्हाचा इथे बसलोय. हा माझा दुसरा कप."

ती पुढे काही विचारणार, तोच बाहेर आरडाओरडा झाला.

सरावाच्या खोलीच्या मागच्या दाराबाहेरच्या बाकावरून बाबा खाली कोसळले होते. मुठीत चष्मा तसाच. शेजारी बसलेली बाई रडवेली होऊन सांगत होती, "मघापासून छाती चोळत होते हो. कुणाला बोलावू का म्हटलं, तर म्हणाले, लेक आत शिकवतेय, तिला त्रास नको."

बाबांना उचलून खाटेवर घेतलं. तिने स्वतः छाती दाबायला घेतली. या म्हाताऱ्याशिवाय तिचं जगात दुसरं होतं तरी कोण! शॉक दिले, सुया टोचल्या, पडद्यावरची रेषा आडवीच. सिस्टरने घड्याळाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मॅडम… वीस झाली."

"दिसतंय मला."

आणि तळव्याखाली काहीतरी वाजलं. टक्. बरगडी मोडली असेल, तिला वाटलं. पण बरगडी एकदाच मोडते. हे प्रत्येक दाबाला वाजत होतं. टक्… टक्… तिने मान वर केली. सिस्टरचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनेही ऐकलं होतं.

"थांबू नका, मॅडम," सिस्टर कुजबुजली.

ती थांबली नाही. हात भरून आले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि रेषा हलली. नाडी लागली.

बाबा वाचले. विभागात पेढे वाटल्यासारखा आनंद झाला. तुझी रेघ तूच मोडलीस, आता ही केस लिहून काढ, असं जो तो म्हणू लागला. घशातली नळी काढल्यावर बाबांनी तिचा हात धरला.

"दुसऱ्यांदा थांबली नाहीस, बरं केलंस."

"दुसऱ्यांदा?"

"पहिल्यांदा हात काढलास. दिवा घालवलास. चहाला गेलीस… मी सांगत होतो तुला."

तिला रडू कोसळलं. "बाबा, तो पुतळा होता हो!"

"असेल," बाबा म्हणाले. "पण तिथे मी होतो."

केस तिने लिहिली नाही. काय कपाळ लिहिणार? बाबा घरी आले, हिंडूफिरू लागले, तिला टोमणे मारू लागले. सगळं सुरळीत. आणि मग एका सकाळी म्हणाले, पाठ गारठलीय. दोन रजया दिल्या, गरम पिशवी दिली. "फरशी लागतेय गं पाठीला," एवढंच धरून बसले. खाली तर कापसाची जाड गादी. तिने तपासून पाहिलं, तर कुठे बोट ठेवायला जागा नाही. दिवसभर तिचं कशात लक्ष लागेना. दुसऱ्या दिवशी दुपारी टेक्निशियन सहज म्हणाला, "जावईबापूंची टकटक बंद पडली, मॅडम. नवीन पुतळा आलाय. जुना कोठीच्या खोलीत टाकला."

"कधी?"

"काल सकाळी."

"कशावर ठेवलाय?"

"कशावर म्हणजे? फरशीवर."

ती धावतच सुटली. कोठीच्या खोलीला खिडकी नव्हती. दिवा लावला, तर मोडक्या खुर्च्यांमध्ये जावईबापू उताणे पडलेले. तिने खाली गादी सरकवली, वर चादर घातली, गळ्यापर्यंत नीट ओढली. स्वतःचंच हसू आलं तिला. "येते हं," ती म्हणाली. सवयीने बटण बंद केलं आणि दाराला कुलूप लावलं.

लगेच फोन वाजला. बाबा घरून बोलत होते, गॅलरीतल्या उन्हात बसून.

"आता कसं उबदार वाटतंय."

तिने सुटकेचा श्वास टाकला. मग तोच खोल, घोगरा आवाज.

"पण पोरी… परत दिवा का घालवलास?"