डावा गाल

शिरूरच्या स्टँडसमोरच्या फोटो स्टुडिओत नीलमनं पाऊल टाकलं, आणि इंद्रजीत टांगत असलेला निळा पडदा निसटून थेट तिच्या डोक्यावर पडला.

"झाकायचीच असती तर घरीच झाकली नसती का पोरगी?" कस्तुरामावशी कडाडली. "दौंडच्या स्थळाला फोटो पाठवायचाय. डावा गाल दिसता कामा न्हाई, आधीच सांगते!"

डाव्या गालावर भाजल्याचा डाग होता. त्यापायी एक जमत आलेलं लग्न मोडलं होतं. नीलम सवयीनं मान वळवून बसली.

"कशानं भाजलं?" इंद्रजीतनं कॅमेऱ्याआडून हळूच विचारलं.

"गुऱ्हाळात... गरम काकवी चोरून चाखायला गेले."

"मग? गोड व्हती का?"

नीलमला खुदकन हसू फुटलं, मान वळली — आणि खटका दाबला गेला.

फोटो न्यायला ती एकटीच आली. त्यानं दोन फोटो पुढं ठेवले. एक मान वळवलेला, नुसताच गोरा. दुसऱ्यात डाग होता, आणि डोळ्यांत लख्ख हसू. ही... मी?

"कुठला पाठवणार?" त्याचा आवाज घोगरा झाला होता.

बाहेर दौंडची एसटी लागली होती. फोटो दौंडला पोचवणारे बबनमामा खिडकीतून हाका मारत होते. हसरा पाठवला तर हेही स्थळ जाईल, मावशी घर डोक्यावर घेईल. दुसरा पाठवला तर... जन्मभर मान वळवूनच बसायचं?

नीलमनं हसरा फोटो पाकिटात घातला आणि मामांच्या हाती द्यायला धावली.

मग दौंडच्या निरोपाची वाट. घास गोड लागेना. तुळशीला पाणी घालताना ती एवढंच म्हणे, जे होईल ते उजळ माथ्यानं होऊ दे.

फोटो परत आला. मावशीनं अबोला धरला. नीलम तडक स्टुडिओत गेली.

"नकार आला."

इंद्रजीतचा चेहरा उजळला.

"हसताय काय?"

"रागवू नका... तुम्ही फोटो घेऊन पळालात ना, तवाच कवठ्याच्या येमाईला नवस बोललो. परत येऊ दे म्हणून."

माझं लग्न मोडावं म्हणून नवस? राग यायला हवा होता... कान तेवढे तापले.

"फेडला?"

"न्हाई अजून."

"देवीला ताटकळत ठेवू नये." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "पर एकट्यानं जाऊ नका. आधी मावशीकडं या, मला मागायला... मग जोडीनं फेडू."