टोक बाहेर

तीस वर्षं बातमीदारी केलेल्या माणसाला रचलेला फोटो लगेच कळतो. निवृत्तीनंतर मी कोल्हापूरच्या एका कॉलेजात पत्रकारितेच्या पोरांना शिकवायला जातो, आणि माझा निम्मा वेळ ‘फोटो रचू नका’ हेच ओरडण्यात जातो.

यंदा छायाचित्र प्रकल्पाचा विषय होता, ‘आयुष्यातली अव्यवस्था’. आधी आराखडा आणि पाच नमुना फोटो दाखवायचे. मी सही केली तरच पुढचं काम, नाहीतर वर्ष वाया. त्या दुपारी मी आराखडे बघत बसलो होतो. विस्कटलेली कपाटं, सांडलेला चहा. एका दिवट्यानं स्वतःच्याच खोलीत कागद उधळले होते. "सर, कसला राडा दिसतोय बघा की!" म्हणाला. मी त्याला बाहेर घालवला.

शेवटी पद्मावती आली. शिरोळ तालुक्यातली, कमी बोलणारी पोरगी. महापुरापासून बंद असलेल्या घराचे फोटो तिनं आणले होते. उलटी पडलेली ट्रंक, वाळून तडकलेला गाळ, भिंतीवर पार माळ्याच्याही वर गेलेली पाण्याची रेघ. वर्गात पहिल्यांदा काहीतरी खरं बघतोय असं वाटलं.

मग मला चप्पल दिसली. निळ्या पट्ट्याची स्लीपर, तुटलेल्या पट्ट्याला सेफ्टी पिन. पहिल्या फोटोत ती उंबऱ्यावर होती. दुसऱ्यात माळ्यावर जाणाऱ्या लाकडी जिन्याच्या पहिल्या पायरीवर. मग तिसऱ्या पायरीवर, मग पाचव्या. शेवटच्या फोटोत सगळ्यात वरच्या.

माझं डोकं फिरलं. ती चप्पल या कॉलेजात सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या वर्गातच मी काढलेला महापुराचा फोटो लावलाय. चढतं पाणी, रिकामं घर, उंबऱ्यावर एकच चप्पल. पहिल्या पानावर छापून आला होता, खाली प्रशासनाच्या गलथानपणावर माझी बातमी.

"माझाच फोटो ढापून मलाच दाखवतेस?"

"मी कायबी ठेवलं न्हाय, सर. मी रविवारी गेलतो, तवा तितं चप्पल नव्हतीच. घरी येऊन बघितलं तर..."

"मग काय चालत आली?"

ती म्हणाली, "तुमीच बघा की येऊन."

तिचं खोटं तिच्यासमोर उघडं पाडायचं म्हणून मी कॅमेरा उचलला आणि लगेच निघालो. पुढं तिची स्कूटी, मागं माझी मोटरसायकल. ऊन मी म्हणत होतं. दोन्ही बाजूंना ऊस, हवेत कारखान्याच्या मळीचा आंबूस वास. गल्ली बघताच मी घर ओळखलं. तिला बोललो नाही.

किल्ली शेजारच्या आकाराम नावाच्या म्हाताऱ्याकडं होती.

"फोटूवालं पावणं व्हय? काढा की. त्या घरात ऱ्हायला कोण मागतंय?"

"घर कुणाचं?"

"अंबूबाईचं. पाणी वाढाय लागलं तशी म्हातारी माळ्यावर जाऊन बसली. कानानं ठार भैरी. बोटीतली पोरं दारापतूर आली, पण उंबऱ्यावर चप्पल दिसली, टोक बाहेर. पोरं म्हनाली, म्हातारी गेली भाईर. बोट फुडं गेली." त्यानं कुलूप काढलं. "पाणी वसरल्यावर घावली. एका पायात चप्पल तशीच..."

त्या दिवशी ती पोरं यायच्या आधी, पहिल्या बोटीतून मीच उतरलो होतो. पाणी उंबऱ्याला लागायला वीतभर बाकी होतं. आत फोटोत घेण्याजोगं काही सापडेना. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर एक चप्पल होती, टोक वरच्या बाजूला. मी ती उचलली, उंबऱ्यावर ठेवली, घर सोडून कुणी गेल्यासारखं वाटावं म्हणून टोक बाहेर केलं. आमच्या धंद्यात याला ‘थोडं सेट करणं’ म्हणतात. सगळेच करतात. वर कुणी आहे का, एवढं विचारायला माझं काय जात होतं? पण अंक सुटायची घाई होती.

आत थंड होतं. इतक्या वर्षांनीही ओल्या गाळाचा वास. खाली चप्पल नव्हती. जिना रिकामा होता. मी पाच फोटो काढले. पाचवा काढताना वर माळ्यावर आवाज झाला.

चट्...

मग काहीच नाही. जेवढ्या वेळात दुसरं पाऊल पडावं, तेवढाच वेळ. आणि पुन्हा...

चट्...

एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी असल्यावर असंच ऐकू येतं.

"सर..." पद्मावतीनं माझी बाही धरली. "ऐकलासा?"

"उंदीर आहेत," मी म्हणालो.

बाहेर उन्हात येऊन मी फोटो बघितले. एकातही चप्पल नव्हती. छातीवरचं ओझं उतरलं, आणि त्या जागी लगेच राग आला. माझ्या हातात पुरावा होता. मोटरसायकलच्या सीटवर तिचा आराखडा ठेवून मी लिहिलं: ‘नामंजूर. फोटो रचलेले.’

तिनं ते दोनदा वाचलं. डोळे भरले होते, पण आवाज नाही कापला.

"तुमाला ठाऊक हाय सर, कुणी रचलं ते. वर्गातला तुमचा फोटो मी रोज बघतो. ह्योच उंबरा हाय. म्हातारी वर गेली, मग चपलेचं टोक भाईर कसं?"

"सांग जा कुणालाही!" मी ओरडलो. "तीस वर्षं काढलीत मी या धंद्यात!"

आकाराम माझ्याकडं बघत राहिला. मी गाडीला किक मारली.

अख्ख्या रस्त्यानं मी धुमसत होतो. पोरीवर, कॉलेजवर, बोटीतल्या पोरांवर. एक माणूस वर जाऊन बघत नाही म्हणजे काय? एवढी यंत्रणा, आणि एका चपलेवर विश्वास? हे सगळं मी तेव्हा छापलंही होतं, ठणकावून.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळायचा होता. मी एकटाच राहतो, दुसऱ्या मजल्यावर. दाराला सकाळी घातलेलं कुलूप तसंच होतं. मी ते काढलं, दार ढकललं आणि थांबलो.

उंबऱ्यावर एक स्लीपर होती. निळा पट्टा, सेफ्टी पिन. ओली. तळाला ताजा गाळ.

मी नीट बघितलं. तीच माझी सवय, फोटो कुणी रचला का ते बघायची.

चपलेचं टोक आत होतं.