ब्रेकला पाय लावायचा नाही

त्याचं नाव कळायच्या आधीच त्याच्यावरून नेरेइदाच्या पोटात दुखायला लागलं होतं.

फेब्रुवारीतली सकाळ होती. द्राक्षबागांच्या खोऱ्यातल्या सेल्मा गावावर धुकं असं बसलं होतं, की चौकातला सिग्नल लाल आहे की हिरवा, ते अगदी खाली जाऊन उभं राहिल्यावर कळावं. मामाची जुनी पिकअप घेऊन ती धुराच्या तपासणीला आली होती. महिनाअखेरीच्या आत गाडी पास झाली नाही, तर नंबरप्लेटवर लावायचं नवं स्टिकर मिळणार नव्हतं. आणि स्टिकर नसलेल्या गाडीतून आईनं केलेल्या टॉर्टिया, म्हणजे मक्याच्या पातळ पोळ्या, दुकानोदुकानी पोचवायच्या, म्हणजे पहिल्याच पोलिसाच्या हाती आयतं सापडायचं.

तपासणी करणारी सुलेमा बुटकी, चपळ, कानात चांदीच्या मोठ्या रिंगा घालणारी बाई होती. तिनं गाडीला वायर जोडली, पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बॅटरीची केबल कुणी काढली होती?"

"मामानं," नेरेइदा म्हणाली. "इंजिनाचा पिवळा दिवा लागला होता ना... तो घालवायला."

सुलेमा हसली. या खोऱ्यातले निम्मे पुरुष हेच करतात, म्हणाली. केबल काढली की दिवा जातो, पण त्याबरोबर गाडीची सगळी आठवणही जाते. मग गाडीतल्या कॉम्प्युटरला स्वतःची तपासणी पहिल्यापासून करावी लागते, आणि ती पुरी होईपर्यंत पडद्यावर एकच उत्तर येतं – तयार नाही.

तेवढ्यात धुक्यातून एक माणूस आला. उंच, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, केसांवर दवाचे थेंब. त्यानं काही न विचारता सुलेमाच्या हातातला कॉफीचा कप घेतला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"अजून एवढी साखर घालतेस?"

"तुझ्यासाठी नव्हती ती," सुलेमा म्हणाली. कप परत घेतला आणि त्याच जागी ओठ लावून प्यायली.

त्याच जागी. नेरेइदानं ते नीट पाहिलं, आणि तिला उगाचच राग आला. त्या माणसाशी तिचा काडीचा संबंध नव्हता. पण हे पोटाला कुणी सांगायचं?

सुलेमानंच ओळख करून दिली. हा उलिसेस. रेल्वेच्या रुळांपलीकडे याचं गॅरेज. तपासणी करणाऱ्यानं दुरुस्ती करायची नाही असा कायदा, म्हणून असल्या गाड्या ती त्याच्याकडे धाडते. "आठवण गेलेल्या गाड्यांना हा बरोबर शुद्धीवर आणतो," ती म्हणाली. "माणसांच्या बाबतीत मात्र ठोंब्या आहे. सांभाळून."

दिवा का लागत होता ते उलिसेसनं दुपारपर्यंत शोधलं. धुराच्या नळीतला एक सेन्सर गेला होता. तो बदलला. पण पुढचं काम हत्यारांचं नव्हतं. गाडी रात्रभर थंड राहू द्यायची. सकाळी सुरू करून जरा वेळ जागेवरच गुरगुरू द्यायची. मग हायवेवर एकाच वेगात, काटा हलू न देता न्यायची. आणि शेवटी मोकळा रस्ता बघून पाय काढून घ्यायचा, गाडी आपली आपण मंद होऊ द्यायची.

"ब्रेकला पाय लावायचा नाही," उलिसेस म्हणाला. "काही झालं तरी. असं रोज करायचं, तयार होईपर्यंत."

हे तो एकटाही करू शकला असता. पण सकाळी टॉर्टियाही पोचवायच्या असतात, दोन्ही कामं एकाच फेरीत होतील, मी चालवते, तुम्ही शेजारी बसा – असं नेरेइदानं सुचवलं. तो हो म्हणाला. जरा लगेचच म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी तो शेजारच्या सीटवर येऊन बसायचा. पहिल्या दिवशी त्यानं सीट पार मागे सरकवली, तेव्हा कुठे त्याचे पाय मावले. मागे टॉर्टियांचे डबे, काचांवर त्यांची वाफ. ती घरून थर्मासमध्ये मक्याचं पीठ घालून केलेलं गरम, दाट चॉकलेट आणायची आणि कागदात गुंडाळलेला एक गोड पाव. एकच... दोन आणले असते तर वाटून खायला लागला नसता. तो पाव मोडायचा आणि साखरेचा थर असलेला वरचा भाग न बोलता तिच्या हातावर ठेवायचा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कधीतरी तो तिला 'तू' म्हणाला. त्याच्या लक्षातही आलं नाही. तिनं मात्र तो शब्द दिवसभर दुकानोदुकानी मिरवला. संध्याकाळी आठवलं, सुलेमाला तर तो पहिल्यापासूनच 'तू' म्हणतो. झालं, दिवसाची सगळी कमाई एका क्षणात वाया गेली.

पाय काढून घ्यायची जागा ठरलेली होती. कालव्याच्या कडेचा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना पानं झडलेल्या द्राक्षांच्या ओळी, समोर चिटपाखरू नाही. तिथं गाडी हळूहळू मंद होत जायची, इंजिनाचा आवाज उतरत जायचा, आणि दोघं गप्प व्हायची. नेरेइदाला ती शांतता आपल्या मालकीची वाटायला लागली होती.

"तो कालव्याचा रस्ता तुला कसा सापडला?" एकदा तिनं विचारलं. अजून ती हायवेवर होती, काटा जागेवर होता.

"सुलेमाची गाडी फिरवताना."

काटा वर चढला.

"पाय," उलिसेस म्हणाला.

"पाय जागेवर आहे."

"काटा तसं म्हणत नाही."

"किती फिरवलीस तिची गाडी?"

"पुष्कळ. फार विचित्र गाडी होती. आज तयार व्हायची, उद्या परत सगळं पुसलेलं. शेवटी मी अख्खी वायरिंग बदलली."

"मग?"

"मग पास झाली." तो खिडकीबाहेर बघत होता. "आणि सुलेमा म्हणाली, आपलं काही जमायचं नाही. दोन वर्षं झाली. मैत्री राहिली, पण ती तसं का म्हणाली, ते मला अजून कळलेलं नाही."

म्हणजे होतं तर! त्या दिवशी कालव्याच्या रस्त्यावर गाडी मंद झाली तेव्हा शांतता दोघांची नव्हती. मध्ये तिसरं कुणीतरी बसलं होतं, कानात रिंगा घालून.

घरी आल्यावर मामानं तिचं तोंड बघितलं. चेमा मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. ओफेलिया मामी गेल्यापासून त्यानं गाडी चालवणं जवळजवळ सोडलं होतं. पिकअप भाचीला देऊन टाकली होती. तो म्हणाला, "चांगला आहे गं पोरगा. शेजारची सीट रिकामी ठेवून गाडी चालवायला फार कंटाळा येतो. मला विचार."

"गाडी पास होईपर्यंतच आहे तो, मामा."

"मग गाडीला सांग, घाई करू नको."

पण गाडीनं ऐकलं नाही. शनिवारी उलिसेसनं यंत्र लावलं, पाहिलं आणि म्हणाला, "झाली तयार. सोमवारी तपासणी करून टाकू. उद्या माझ्याकडे सोड, तेल बदलून ठेवतो."

"म्हणजे आता फेऱ्या..."

"नाही लागणार."

तो आणखी काही बोलेल म्हणून ती थांबली. तोही बहुतेक थांबला होता. मग दोघांनी मिळून टॉर्टियांचे रिकामे डबे उगाचच दोनदा मोजले.

रविवारी दुपारी मामानं जाऊन गॅरेजमधून गाडी आणली. ऊन उतरताना नेरेइदा पावाचा चुरा झाडायला गेली. शेजारचं दार उघडलं आणि हातातला झाडू तसाच राहिला.

सीट पुढे होती. पार पुढे.

तिनं त्या सीटवर बसून पाहिलं. तिचे स्वतःचे गुडघे पुढच्या पत्र्याला टेकले. इथं कुणीतरी बुटकं बसलं होतं. सुलेमाएवढं. आणि वास येत होता – कसला तरी मंद, गोडसर, फुलांसारखा. अत्तरच असणार. रविवार म्हणजे सुलेमाचीही सुट्टी. म्हणजे तेल बदलून झाल्यावर दोघं फिरून आली. याच गाडीतून. कुठल्या रस्त्यानं, ते विचारायलाच नको.

उद्या तीच बाई हसत हसत पास म्हणणार. मग माणूस तिचा, रस्ता तिचा, आणि ही सीटसुद्धा तिचीच.

तिनं मामाच्या पेटीतून पाना काढला. काळी केबल सैल केली, बाजूला धरली, आणि दात ओठ खात तिथंच उभी राहिली. मग केबल परत लावली, बोनेट आपटलं. हात धुताना तिला वाटलं, हे आपण काय केलं? स्टिकर मिळालं नाही तर आईच्या टॉर्टिया कुठे न्यायच्या? पण पुसलेलं काही परत येत नाही.

सोमवारी मामा हट्टानं बरोबर आला. आपली गाडी पास होताना त्याला बघायची होती. उलिसेस आधीच येऊन उभा होता. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. नेरेइदानं त्याच्याकडे पाहिलं नाही.

सुलेमानं वायर जोडली. पडदा बघितला. मग नेरेइदाकडे बघितलं. मग परत पडदा.

"तयार नाही," ती म्हणाली.

"शक्यच नाही," उलिसेस पुढे झाला. "मी शनिवारी स्वतः पाहिलंय."

"शनिवारी असेल. आठवण पुसल्यानंतर गाडी किती चालली, तेही हा पडदा सांगतो. या बाईच्या घरापासून इथवर, बस, तेवढीच चालली आहे. केबल काल काढली कुणीतरी."

उलिसेस मामाकडे वळला. आवाज चढवणारा माणूस नव्हता तो, पण त्या दिवशी चढला. दिवा तर आता लागतही नव्हता, मग कशाला हात लावलात, इतक्या सकाळी फुकट घालवल्यात, असं तो बोलत सुटला. मामा नुसता मान हलवत होता. शेवटी म्हणाला, "मी केबलला शिवलोसुद्धा नाही, बाळा. मी फक्त सीट पुढे घेतली."

"सीट?" नेरेइदाच्या तोंडून निघालं.

"ओफेलिया तिथं बसायची ना." मामानं टोपी काढून हातात घेतली. "तिचे पाय पोचायचे नाहीत, म्हणून कायम पुढे असायची. काल गॅरेजमधून निघालो, फुलं घेतली, तिच्याकडे दफनभूमीत गेलो. सीट मागे बघून बरं वाटेना. म्हणून फुलं तिथं ठेवली, आणि सीट तिच्यासारखी करून घेतली. परत करायची राहून गेली, एवढीच चूक झाली."

नेरेइदाला त्या अत्तराचा वास आठवला, आणि धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मामाला बोलू नकोस," ती उलिसेसला म्हणाली. "केबल मी काढली."

"तू? का?"

तो खरोखरच कोड्यात पडल्यासारखा तिच्याकडे बघत होता, कपाळाला आठी घालून, जणू कुठली तार तुटली आहे ते शोधत होता.

सुलेमानं वायर गुंडाळून ठेवली. "अरे गाढवा," ती शांतपणे म्हणाली. "माझी गाडी पुन्हा पुन्हा पुसली जायची, ते तुला काय वाटलं? वायरिंगमुळे?"

उलिसेस तिच्याकडे बघत राहिला. मग नेरेइदाकडे. मग त्याचे कान हळूहळू लाल झाले.

"मी इथली तपासनीस," सुलेमा म्हणाली, "आणि रोज संध्याकाळी स्वतःच्याच गाडीची केबल काढत होते, हा सकाळी शेजारी येऊन बसावा म्हणून. आणि यानं काय केलं? वायरिंग बदलली. तेव्हाच मी ओळखलं, हे आपल्याच्यानं व्हायचं नाही." ती नेरेइदाकडे वळली. "महिना संपायला अजून वेळ आहे. फिरवा नव्यानं. पण परत केबलला हात लावलास ना, तर मी याच्याशी स्वतः लग्न करीन."

मामा हसला. टोपी डोक्यावर घातली आणि आपण चालत जातो म्हणाला.

खरं तर नेरेइदाला हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर परत पोटात दुखायला लागलं. तिनं वेड्यासारखं जे केलं, तेही आपलं नाही. तेसुद्धा सुलेमानं आधी करून ठेवलंय.

सकाळी उलिसेस दारात आला. धुकं होतंच. त्यानं शेजारचं दार उघडलं. सीट अजून पुढेच होती. कुणाचाच तिला हात लावायचा धीर झाला नव्हता. त्यानं सीटकडे पाहिलं, अंगणात उभ्या मामाकडे पाहिलं, आणि सीट न हलवता तसाच आत घुसला. गुडघे पार हनुवटीशी आले.

"अरे, मागे घे," मामा ओरडला. "रविवारी मी परत पुढे करीन."

तेव्हा कुठे त्यानं सीट सरकवली.

हायवेवर काटा एका जागी होता. पाव मोडला गेला, वरचा भाग तिच्या हातावर आला. कालव्याचं वळण जवळ आलं तेव्हा ती म्हणाली, "त्या रस्त्यानं नाही."

"मग कुठून?"

"कुठूनही. जिथं तू तिला नेलं नाहीस, तिथून."

तो विचारात पडला. पुढे बदामाच्या बागांमधून एक रस्ता आहे, म्हणाला, पण तिथं ट्रॅक्टर आडवे येतात, मधमाश्यांच्या पेट्यांचे ट्रक उभे असतात. गाडी काही लवकर तयार व्हायची नाही.

"नको होऊ दे."

ती वळली. धुक्यात दोन्ही बाजूंना बदाम फुलले होते, पाकळ्या काचेवर येऊन चिकटत होत्या. रस्ता नशिबानं मोकळा होता. तिनं पाय काढून घेतला. गाडी हळूहळू मंद व्हायला लागली.

"नेरेइदा," उलिसेस म्हणाला. "मला... गोष्टी उशिरा कळतात."

"माहीत आहे. वायरिंग बदलून झाल्यावर."

"या खेपेला मी वायरिंगला हात लावणार नाही."

त्यानं तिच्या हातावर हात ठेवला. दूर, धुक्यातून एक ट्रॅक्टर रस्त्यावर येताना दिसला, आणि सवयीनं तिचा पाय ब्रेककडे गेला.

"ब्रेकला पाय लावायचा नाही," तो म्हणाला. "अजून खूप लांब आहे तो."