घड्याळजीचं दुखणं

"माझ्या नवऱ्याच्या मागावर माणूस लावायचाय," ती म्हणाली आणि बाळ एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

मास्तरांनी वही उघडली. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते वहिनींच्या तपासकचेरीत टिपणं घेत. वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. पेशाने खासगी गुप्तहेर, आणि हातात सदा विणकाम.

"दुसरी बाई?" मास्तरांनी पेन सरसावलं.

"भाऊजी, तिला आधी बसू तर द्या."

ती बसली. नवरा घड्याळजी. बाळ आठ महिन्यांचं, दिवस भरायच्या आधी झालेलं, तीन आठवडे काचेच्या पेटीत काढून घरी आलेलं. "घरी आल्यावर थोडे दिवस थांबलो, मग आमचं सगळं पहिल्यासारखं सुरू झालं होतं, ताई. आता महिना झाला, हे बाहेरच्या खोलीत गादी टाकून झोपतात. जवळ गेलं की म्हणे पाठ दुखते. दर गुरुवारी चारला दुकान बंद करून कुठे जातात, सांगत नाहीत. खरं काय ते एकदा कळू दे. इथे राहायचं की बाळाला घेऊन आईकडे जायचं, ते मला ठरवायचंय."

बाळाने वहिनींच्या लोकरीचा गुंडा पकडला. वहिनींनी तो पकडू दिला.

गुरुवारी मास्तर आपलं बंद पडलेलं घड्याळ घेऊन दुकानात गेले. घड्याळजी हडकुळा, टापटिपीचा. बोटांची पेरं मात्र पांढुरकी, भेगाळलेली. डोळ्याला भिंग लावून तो एकेक चाक छोट्या बरणीतल्या द्रावात बुडवत होता.

"थोडं पाणी घाला की त्यात," मास्तर सहज म्हणाले. "जास्त दिवस पुरेल."

घड्याळजीने भिंग काढलं. जणू कुणी त्याच्या वडिलांना शिवी दिली होती. "पाणी? पातळ केलं की ती साफसफाई नव्हे, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत धूळफेक. वडिलांनी मला पहिला धडा हाच दिला."

चारला त्याने दुकान बंद केलं. दोन गल्ल्या ओलांडून तो त्वचा आणि गुप्तरोगांच्या दवाखान्यापाशी थांबला, पाटी वाचली, तीन पायऱ्या चढला आणि परत फिरला. पुन्हा चढला, पुन्हा फिरला. मग तोंड पाडून दुकानात.

"बाहेरून रोग आणलाय!" मास्तरांनी येऊन जाहीर केलं.

"किंवा काहीतरी दुखतंय आणि सांगायची लाज वाटतेय," वहिनी म्हणाल्या. "चला, विचारूनच येऊ."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी दुकानात शिरताच, बायकोने पाठवलंय असं सांगून, आडपडदा न ठेवता विचारलं. घड्याळजीचे कान लाल झाले. "ती... सोडून चाललीय का?"

"ते तुमच्या उत्तरावर आहे. कुठे दुखतं?"

त्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळांकडे. तिथे नऊ वेगवेगळ्या वेळा होत्या.

"लिंगाच्या टोकाला. कातडीवर."

"ठणका की आग?"

"आग."

"लघवीला जळजळ? स्राव, फोड, गाठ?"

"नाही."

"कातडी नीट मागे सरते? ताठ असताना वाक नाही ना?"

"नाही, तसं सगळं ठीक आहे. त्या वेळीही काही होत नाही हो. सगळं आटोपतं, बाळ उठायच्या आत मी धुऊन येतो, आडवा होतो, आणि मग आग-आग. दोन दिवस विजार नकोशी होते."

"आणि बायकोशिवाय कुणाशी?"

"आईशपथ, कुणाशीच नाही! पण दवाखान्याची ती पाटी वाचून ती दुसरं काय समजेल?"

"निरोध वापरता?"

"बाळ झाल्यापासून."

"सापडलं!" मास्तर उसळले. "रबर बाधतंय!"

"बाळाला फुगे कोण फुगवून देतं?" वहिनींनी विचारलं.

"मीच. दर रविवारी पाच-सहा."

"ओठ सुजतात? खाजतात?"

"छे. गाल दुखतात."

मास्तर खाली बसले.

"घराबाहेर कधी असं झालं?"

"सासुरवाडीला चार दिवस होतो. दोनदा... म्हणजे, पाकीट तेच. काहीच झालं नाही. वाटलं, बरं झालो. घरी आलो, पुन्हा तेच."

वहिनी उठल्या. "मला तुमची मोरी बघायचीय."

घरी त्याच्या बायकोने गोंधळून दार उघडलं. मोरीत साबणाची वडी, बाळाचा टब, फडताळावर जंतुनाशकाची तपकिरी बाटली. वहिनींनी तिचं झाकण काढलं. झाकण म्हणजेच माप होतं. आत नवेपणीचा गोल कागद तसाच चिकटलेला.

"ही कितवी?"

"पाचवी," बायको म्हणाली. "सिस्टर म्हणाल्या होत्या, बाळाला हात लावायच्या आधी स्वच्छ धुवा. यांनी ते काळजावर कोरून घेतलं."

"माहेरी नेली होतीत?"

"विसरलो ना! चारही दिवस हे कासावीस."

सगळे बाहेरच्या खोलीत, त्या गादीवरच बसले.

"आग त्या वेळी होत नाही, धुतल्यावर होते," वहिनी म्हणाल्या. "माहेरी जोडी तीच, पाकीट तेच, फक्त बाटली नव्हती, आणि आगही नव्हती. फुग्यांनी रबराला सोडवलं. लघवी, स्राव, फोड काही नाही, म्हणून रोगाचा संशय मागे पडला. ही बाटली भरपूर पाण्यात मापाने घालायची असते. पण मापाला थेंबही लागलेला नाही. का? कारण आमच्या घड्याळजींच्या लेखी पातळ करणं म्हणजे फसवणूक. बोटांची कातडी जाड, तिला नुसत्या भेगा पडल्या. नाजूक कातडी पोळली."

घड्याळजी आपल्या पेरांकडे बघत राहिला. "बाळ रडलं की लगेच उचलावं लागतं. मला वाटलं, माझ्यामुळे पोरीला काही व्हायला नको. पुन्हा त्या पेटीत..."

बायकोचे डोळे भरले, आणि त्याच दमात ती कडाडली, "अहो, आणि मी महिनाभर दुसरी शोधतेय!"

"दुसरी होतीच," वहिनी म्हणाल्या. "तपकिरी अंगाची, फडताळावर उभी. आता डॉक्टरांकडे जा, दोघं मिळून. मी तर्क केला, तपासायचं काम त्यांचं. तोवर नुसतं पाणी. बाळासाठी हात साबणाने."

पंधरा दिवसांनी मास्तर घड्याळ आणायला गेले. डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं होतं. एक साधं मलम दिलं होतं आणि आठवडाभर विश्रांती. बायको बाळाला घेऊन दुकानातच बसली होती.

"गादी कुठेय आता?" मास्तरांनी अगदी गुप्तहेरासारखं विचारलं.

"बाहेरच्याच खोलीत," ती म्हणाली. मास्तरांचा चेहरा पडला.

"हिला रांगायला घातलीय," घड्याळजी म्हणाला, आणि भिंग डोळ्याला लावून उगाचच खाली वाकला.